तुपाचा आग्रह

संगीताला आपल्या नणंदेचा हेवा वाटायचा, यात नवीन काही नव्हतं. पण तो हेवा पोटात खोल कुठेतरी निपचित पडून असायचा. सणासुदीला जरा कूस बदलायचा, एवढंच. त्याला खडबडून जागं केलं ते डॉक्टर भरद्वाजांच्या निळ्या पेनानं.

डॉक्टरांनी कागदावर एक पोट काढलं. चित्रकला यथातथाच होती, पण समजत होतं. पोटावर त्यांनी पाच टिंबं दिली. "ही पाच छोटी भोकं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. लिव्हरचा डावीकडचा एवढासा भाग सोडवायचा, आतल्या आतच पिशवीत भरायचा आणि बाहेर काढायचा."

"बाहेर कुठून?" भुवनानं विचारलं. भुवना म्हणजे नणंद. संगीताच्या नवऱ्याची, रघुरामची, थोरली बहीण.

डॉक्टरांनी पोटाच्या अगदी खालच्या कडेला एक आडवी रेघ ओढली. "इथून. बाळंतपणात सिझेरियन करताना छेद घेतात ना, बरोबर तिथेच. पूर्वी फासळ्यांखालून हातभर चिरावं लागायचं. आता देणारी बाई दुसऱ्या दिवशी चालते आणि पाचव्या दिवशी घरी जाते."

संगीताचा हात आपसूक साडीच्या निऱ्यांवर गेला. तशी रेघ तिथे होती. अडीच वर्षांपूर्वी तिथूनच हरिता या जगात आली होती. आता त्याच जागेवरून भुवनाच्या पोटातून काहीतरी निघणार, ते हरिताच्या पोटात जाणार, आणि त्याच्या जोरावर पोर जगणार. म्हणजे मग जन्म दिला कुणी? असला विचार कुणी बोलून दाखवत नाही. संगीतानंही नाही दाखवला. पण त्या क्षणापासून तिच्या मनाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

हरिताच्या लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या जन्मापासूनच बंद होत्या. दोन महिन्यांची असताना एक ऑपरेशन झालं, त्यावर पोरीनं दोन वर्षं काढली. आता तिचे डोळे हळदीचं बोट फिरवल्यासारखे पिवळे होते, हातपाय काडीसारखे आणि पोट टम्म. वरून अंगाला अशी खाज, की रक्त येईस्तोवर ओरबाडायची. संगीतानं जुन्या धोतराच्या मऊ पिशव्या शिवून तिच्या हातांना बांधल्या होत्या. नवं लिव्हर मिळाल्याशिवाय पोर वाचत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. जिवंत माणसानं तुकडा द्यायचा. तो मुलीच्या पोटात मुलीबरोबर वाढतो, आणि देणाऱ्याचं उरलेलं लिव्हरही काही महिन्यांत भरून येतं.

द्यायचा कुणी? रघुरामचा रक्तगट जुळेना. त्याची आई गंगाबाई अडुसष्टच्या. संगीताचा गट जुळला, तेव्हा तिनं मनातल्या मनात मारियम्मनला नारळ बोलला. मग स्कॅन झाला. लिव्हरमध्ये तीस टक्के चरबी निघाली.

"असलं लिव्हर मला घेता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हालाही धोका, मुलीलाही. अहो, यात तुमचा दोष काही नाही, खूप जणांना असतं."

दोष नाही म्हणे! आई म्हणून परीक्षेला बसावं आणि नापास व्हावं, आणि वर मास्तरांनी पाठ थोपटावी, तसं तिला झालं. भुवना मात्र पहिल्या फटक्यात पास. चाळिशी उलटली तरी छडीसारखी सडसडीत. तंजावरजवळ पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची, रोज दीड कोस चालायची.

"सहा आठवडे आहेत आपल्या हातात," डॉक्टरांनी शेवटी सांगितलं. "आईनं तेवढ्यात वजन उतरवलं तर पुन्हा तपासू. आत्याची तयारीही चालू ठेवू. तिला सरकारी समितीची परवानगी लागेल, कारण कायद्याच्या यादीत आई, बाप, आजी, आजोबा, भावंडं आहेत, आत्या नाही. जी आधी तयार होईल तिचं घेऊ."

जी आधी तयार होईल तिचं. डॉक्टर सहज बोलून गेले, पण संगीतानं ते शर्यतीच्या शिटीसारखं ऐकलं.

आता भुवनाविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर संगीता उगीच वाईट ठरेल. थोडी वाईट ती होतीच, पण उगीच नव्हती. भुवनाच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल नाही. नवरा अनिरुद्धराव साधा माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. त्यामुळे भुवनाची सगळी माया माहेरच्या एकुलत्या भाचीवर. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तंजावरातल्या मराठ्यांनी तीनशे वर्षांत बाकी बरंच सोडलं पण हे सोडलं नाही. संगीतानं नऊ महिने मनात 'कमला' हे नाव घोळवलं होतं, तिच्या आजीचं. भुवना वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "हरिता." झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संगीतानंही वाजवल्या. बारशाचा तो फोटो तिनं नंतर कपाटात तळाशी, हिवाळी शालींच्या खाली ठेवून दिला. तंजावरात हिवाळी शाल कोण काढतो?

नाव तिचं. आता लिव्हरही तिचं. मग माझं काय, नुसते लंगोट?

तपासण्या आणि कागदपत्रांसाठी भुवना रजा काढून माहेरी राहायला आली. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. खाली फाटकाशी एक करडी गाय रोज दुपारी येऊन उभी राहायची, अख्ख्या इमारतीची उष्टी पानं तिचीच. गंगाबाईंना लेक आल्याचा आनंद असा, की रोज केळीच्या पानावर जेवण. घरची लेक स्टीलच्या ताटात जेवणार नाही म्हणाल्या.

भुवना आली त्याच संध्याकाळी अलमेलुचा फोन आला. इस्पितळात लिव्हर देणाऱ्या आणि घेणाऱ्या घरांची सगळी व्यवस्था ही बाई बघायची. तमिळमध्ये भराभर बोलायची. "संगीता अम्मा, तुमच्या नात्तनारना, नणंदेला, नीट सांगा हं. शेवटचा स्कॅन होईपर्यंत तूप नाही, गोड नाही, तळलेलं नाही. लिव्हरवर चरबी चढायला वेळ लागत नाही. तुमच्यासाठी तर बोलायलाच नको."

"सरी, सांगते," संगीता म्हणाली.

आणि नाही सांगितलं.

पहिल्या दिवशी ती खरंच विसरली, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गंगाबाईंनी पुरणपोळ्या केल्या. पानावर पोळी पडली, आणि गंगाबाईंचा जुन्या तंजावरी मराठीतला आवाज आला, "कां गे संगीता, हात कां आखडतेस? माहेरीं आलेल्या लेकीस तूप असें वाढतात काय?"

संगीताच्या हातात तुपाचं भांडं होतं. तिनं एक पळी वाढली. मग भुवनाकडे बघितलं, आणि दुसरी वाढली.

"पुरें गे, पोदुम," भुवना पानावर हात आडवा धरत म्हणाली.

"असें कसें वन्सं? माझ्या हातची एक तरी," संगीता म्हणाली, आणि तिसरी वाढली.

त्या तिसऱ्या पळीला तिला कळलं की आपण काय करतोय. कळलं आणि तरी हात थांबला नाही. आग्रह हा मोठा सोयीचा प्रकार आहे. दुसऱ्या कुठल्याही मार्गानं माणसाचं वाईट करायला गेलात तर लोक धरतील; आग्रहानं केलंत तर सुगरण म्हणतील. गंगाबाईंना तर सुनेत एकाएकी इतका फरक पडलेला बघून भरून आलं. शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माझ्या सुनेस नणंदेची काय माया!"

मग रोजचंच झालं. सकाळी इडलीबरोबरच्या पुडीत, म्हणजे कोरड्या चटणीत, तेलाऐवजी तूप. दुपारी भाताच्या ढिगावर तुपाचं तळं. चारला केसरी शिरा, त्यात बोट बुडवलं तर तूप निथळेल असा. आणि स्वतः संगीता? उकडलेली काकडी, ताकाचं पाणी, जिन्यावरून दिवसाला वीस चढउतार. तीन आठवड्यांत तिनं साडेपाच किलो उतरवले. भुकेनं डोळ्यापुढे अंधारी यायची तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, माझ्या लेकीला माझंच. तिला लेकीचा जीव वाचायला हवा होताच, पण तो आपल्या हातून वाचायला हवा होता. या दोन गोष्टी एकच आहेत अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत.

आणि भुवनाचं वागणं असं, की हेव्याला रोज नवं खाद्य. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडून ती स्वतःच उचलायची. "तूं बैस, मीच गाईस घालून येतें," म्हणत जिना उतरायची. गंगाबाई लगेच, "बघ, लेकीचें वळण बघ! आपलें पान आपण उचलते." संध्याकाळी मोठ्या देवळाला चालत जायची, बाहेरच्या आवाराला तीन प्रदक्षिणा घालून यायची. आल्यावर हरिताला मांडीवर घेऊन तिच्या पाठीवरून ओला पंचा फिरवायची, आणि खाजेनं दिवसभर किरकिरणारी पोर तिच्या मांडीवर गप्प व्हायची. संगीता स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. माझ्या मांडीवर का नाही होत गं गप्प? मी काय काटे लावलेत?

उद्या तुझ्यात तिचाच तुकडा असेल, मग तर माझ्याकडे बघणारही नाहीस. असं मनात आलं की दुसऱ्या दिवशी तूप एक पळी जास्त.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला हरिताला ताप भरला. साधा नव्हे. अंग भट्टीसारखं, आणि सकाळी जी ओकारी झाली ती काळपट लाल. रघुरामनं तिला उचललं आणि तशीच रिक्षात घातली. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी डॉक्टर भरद्वाजांनी सगळ्यांना आत बोलावलं. या खेपेला त्यांच्या हातात पेन नव्हतं.

"सहा आठवडे आता मिळणार नाहीत," ते म्हणाले. "ताप उतरलाय, रक्तस्राव थांबलाय, पण पुन्हा झाला तर मी काही सांगू शकत नाही. आठ दहा दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं. आई आणि आत्या दोघींचा स्कॅन आजच करू. दोघींपैकी एक तरी तयार असली पाहिजे."

दोघींपैकी एक तरी.

संगीताचे साडेपाच किलो गेले होते, पण चरबी अजून असेल, हे तिला आतून माहीत होतं. आणि भुवना? तीन आठवडे, दिवसाला तीन वेळा, पळ्यांवर पळ्या. कुठल्याही बाईच्या लिव्हरचं काय होईल? म्हणजे दोघी नापास. म्हणजे हरिता. पुढचं तिला मनातसुद्धा उच्चारवेना. आपल्या हातानं, तुपाच्या पळीनं, आपण पोरीचा गळा दाबला, एवढंच तिला दिसत होतं.

स्कॅनच्या खोलीबाहेर बाकड्यावर दोघी शेजारी बसल्या होत्या. संगीताचा स्कॅन आधीच आटपला होता. तिनं भुवनाचा हात धरला.

"वन्सं, मज तुम्हास एक सांगायचें आहे. तें तूप..."

"भुवना कोण?" दारातून नर्सनं हाक मारली.

"आलें," भुवना उठली. संगीताच्या हातावर एक थाप मारून आत गेली.

ती वीस मिनिटं संगीताला पुढे जन्मभर आठवायची होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं देवाजवळ भुवनासाठी मागितलं. हिचं लिव्हर चांगलं असू दे. माझं कसलंही असू दे, सडकं असू दे, हिचं चांगलं असू दे. मला आई म्हणू नको गं हरिता, तिला म्हण, पण म्हणायला राहा.

अर्ध्या तासानं डॉक्टर आले. संगीताचं तीसवरून बावीसवर आलं होतं. "चार आठवड्यांत हे खरंच खूप आहे, पण पुरेसं नाही." मग भुवनाकडे वळले. "तुमचं पहिल्यापेक्षाही नितळ आहे. काय करता काय तुम्ही?"

"चालतें," भुवना म्हणाली.

संगीता त्यांच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. मग तिथेच, बाकड्यावर, पदर तोंडात कोंबून रडली. गंगाबाईंना वाटलं, हिची निवड झाली नाही म्हणून रडते आहे. त्यांनी तिची पाठ थोपटली.

परवानगीची समिती दोन दिवसांनी बसली, तातडीची म्हणून. लांब टेबल, पलीकडे चार माणसं आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई. जवळचं नातं नसलेल्या माणसानं अवयव द्यायचा तर तो पैशासाठी किंवा दबावाखाली देत नाही, जिव्हाळ्यापोटी देतो, याची त्यांना खात्री हवी असते. त्यासाठी जुने फोटो मागतात. संगीतानं शालींच्या खालून तो फोटो काढून आणला होता. पाळण्यावर वाकलेली भुवना, आणि मागे टाळ्या वाजवणारी ती स्वतः, ओठ घट्ट मिटलेली.

भुवनाला विचारून झालं, अनिरुद्धरावांना विचारून झालं. ते म्हणाले, "तिनें ठरवलें, मी सही केली. आमच्या घरीं असेंच चालतें." सगळे हसले. मग पांढऱ्या केसांच्या बाईंनी फोटो हातात घेतला आणि संगीताकडे बघितलं.

"अम्मा, तुम्ही मुलीची आई. तुम्ही सांगा. या बाईंना तुमच्या मुलीविषयी खरंच जिव्हाळा आहे?"

रघुरामनं तिला घरून तयार करून आणलं होतं. 'हो मॅडम, फार जिव्हाळा आहे' एवढंच म्हणायचं होतं. संगीतानं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"माझ्याइतकाच आहे," ती म्हणाली. "त्याचाच तर मला त्रास होतो."

रघुरामनं कपाळावर हात नेला. त्या बाई काही वेळ संगीताकडे बघत राहिल्या, पुन्हा एकदा फोटो बघितला, त्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, आणि कागद पुढे ओढून सगळ्यांच्या आधी सही केली.

ऑपरेशन मंगळवारी झालं. एका खोलीत भुवना, शेजारच्या खोलीत हरिता. पाच भोकं आणि एक आडवी रेघ; तिथून निघालेला मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा हातोहात शेजारी गेला. सकाळी सातला आत नेलं होतं, संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की नवं लिव्हर टेबलावरच पित्त गाळायला लागलं. दुसऱ्या दिवशी भुवना नर्सचा दंड धरून वऱ्हांड्यात चालली. संगीताला आपले दिवस आठवले. त्याच रेघेपायी ती चार दिवस कण्हत पडली होती. हिनं यातही पहिला नंबर काढलाच. असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली; शरम वाटली तरी हेवा काही गेला नाही.

सहाव्या दिवशी भुवना घरी आली. हरिता अजून दोन तीन आठवडे इस्पितळात राहायची होती. काचेआड होती, नळ्या लावलेल्या, पण डोळ्यांतला पिवळेपणा उतरत चालला होता आणि ओरबाडणं थांबलं होतं. रघुराम तिच्याजवळ बसला आणि संगीता आंघोळीला घरी आली. गंगाबाईंनी पोळ्या केल्या होत्या. दोन पानं मांडली आणि त्या देवापुढे दिवा लावायला गेल्या.

भुवना पोटाला हात धरून हळूच पानावर बसली. संगीता तुपाचं भांडं घेऊन आली आणि उभीच राहिली. पळी उचलली जाईना.

"वन्सं," ती म्हणाली, "अलमेलुनें मज फोन केला होता. तुम्हास तूप देऊं नको म्हणून. मी तुम्हास सांगितलें नाहीं. मी मुद्दाम वाढत होतें. तुम्ही नापास व्हावें म्हणून." तिनं भांडं खाली ठेवलं. "हरिता गेली असती. माझ्या हातानें गेली असती."

भुवनानं पोळीचा तुकडा मोडला. "ठावुक आहे मज."

"काय ठावुक आहे?"

"अलमेलु देणाऱ्याशी निराळी बोलते, घरचें कुणी जवळ नसतांना. त्यांचा नियमच आहे तो. पहिल्याच दिवशीं मज सगळें सांगितलें तिनें. दुसऱ्या दिवशीं तूं तीन पळ्या वाढल्यास. मी गणिताची मास्तरीण गे, तीनापर्यंत येतें मज."

"पण तुम्ही तर खात होतात!"

"रोज माझें पान मीच कां उचलत होतें, तुज कधीं वाटलें नाहीं? चार घास खायचे, बाकीचें पानांत दुमडायचें. अम्मा समोर, तूं समोर, नाहीं म्हणायची सोय होती काय?" भुवना हसायला गेली आणि टाके दुखले म्हणून थांबली. "त्या गाईचें लिव्हर मात्र तपासून घे एकदां."

संगीताला हसूही येईना, रडूही येईना. "मग बोललां कां नाहीं? अम्मास कां नाहीं सांगितलें?"

"सांगितलें असतें तर अम्मानें तुज घरांत उभी केली असती काय? मग हरिताजवळ कोण बसलें असतें, मी?" भुवना पानावर बोटानं रेघ ओढत राहिली. "आणि खोटें कां बोलूं. तूं नापास झालीस तेव्हां मज आनंद झाला होता. डॉक्टरनें ती खालची रेघ ओढली ना, तुझ्यासारखी, तेव्हां मज वाटलें, चला, एवढी तरी आली माझ्या वाट्यास. पंधरा वर्षें वाट बघत होतें मी त्या रेघेची. आतां सांग, वाईट कोण?"

संगीता मटकन तिच्याशेजारी बसली. या बाईलाही आपला हेवा वाटत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हेवा म्हणजे जणू तिची एकटीची मिरास होती.

"आतां वाढ की," भुवना पानाकडे बोट दाखवून म्हणाली. "चार आठवडे नुसता वास घेतलाय मी त्याचा. डॉक्टर म्हणाले, आतां सगळें खा."

संगीतानं पळी उचलली. एक वाढली, दुसरी वाढली. भुवनानं हात आडवा धरला नाही. तिसऱ्या पळीला संगीता थांबली. सकाळपासून एक गोष्ट तिनं पोटात दाबून ठेवली होती आणि ती कुणाला, विशेषतः या बाईला, सांगायची नाही असं पक्कं ठरवलं होतं.

"सकाळीं हरिता जागी झाली," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्हासच विचारलें तिनें. 'आत्या कुठें' म्हणाली. मी काचेच्या अलीकडे उभी होतें."

भुवनाचा घास हातातच राहिला. तिचे डोळे भरले. संगीताच्या छातीत जे टोचायचं ते टोचलंच. तिनं तिसरी पळी वाढली.

जेवण झालं. भुवनानं पान दुमडलं आणि सवयीनं उठायला गेली.

"तुम्ही बसा," संगीता म्हणाली. "आज मी उचलतें."

जिन्याच्या वळणावर, वरून कुणी बघत नाही याची खात्री करून, तिनं पान उघडून बघितलं. आत काही नव्हतं. शीत नव्हतं, पुरणाचा कण नव्हता, बोटानं निपटून घेतलेलं स्वच्छ हिरवं पान. खाली फाटकाशी करडी गाय आशेनं उभी होती. तिनं पान हुंगलं, उलटं करून हुंगलं, आणि मान वर करून संगीताकडे बघत राहिली.

"संपलें," संगीता तिला म्हणाली, आणि इस्पितळात जायला वर धावली.